तळघरातले गुरुवार

आई,

रविवारी पिस्कॅटवेच्या लायब्ररीत गेले होते. पुस्तकं परत करायची होती, बाकी काही काम नव्हतं. तुझी नात बरोबर होती. हल्ली तीच गाडी चालवते आणि मला शेजारी बसवून सूचना देते, तू बाबांना द्यायचीस तशा. पुस्तकं देऊन निघालो, तर कोपऱ्यातल्या मोठ्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतून गाण्याचा आवाज येत होता. युनिव्हर्सिटीतली मुलं होती. खुर्च्या गोल मांडलेल्या, दोन गिटार, एक बॅंजो, एक व्हायोलिन, आणि मधे कोणीच नाही. मी दारातच थांबले. अर्धे केस हिरवे रंगवलेली एक मुलगी गात होती आणि बाकीची मुलं धृपदाला तिच्या आवाजात आवाज मिसळत होती. गाणं मला पहिल्या ओळीलाच ओळखू आलं. जिचा मुलगा दर्यावर गेलाय अशा आईचं ते गाणं, दिवा तेवत ठेव म्हणणारं. मी मनातल्या मनात म्हणत होते, आणि धृपद आलं, आणि त्या सगळ्या मुलांनी एका आवाजात ‘हार्बर’ न म्हणता ‘नेबर’ म्हटलं. बंदरासाठी दिवा तेवत ठेव असं नाही. शेजारणीसाठी.

मी चौकटीला धरून उभी राहिले. तुझी नात म्हणाली, "आई, आर यू ओके?" मी म्हटलं, "थोडं पाणी दे." गाणं संपल्यावर मी त्या मुलीला गाठलं आणि विचारलं, हे तू कुठं शिकलीस? ती म्हणाली, "लहानपणी समर कॅम्पला जायचे, तिथल्या ताईनं शिकवलं. तिला तिच्या आईनं शिकवलं होतं म्हणे. इट्स ट्रॅडिशनल. कोणी केलंय ते कोणालाच माहीत नाही." मी विचारलं, "आणि तो ‘नेबर’?" ती म्हणाली, "पुस्तकात ‘हार्बर’ आहे, ठाऊक आहे मला. पण आम्ही असंच म्हणतो. त्या एका शब्दासाठीच तर मी हे गाणं गाते." मी तिला थँक्यू म्हणून निघाले. काय सांगणार होते? की मूळ शब्द माझ्या आईला नीट ऐकू आला नव्हता म्हणून?

आपण अमेरिकेत, श्रूजबरीला आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तुला इंग्रजी येत नव्हतं. बाबा आधी दोन वर्षं आले होते, वूस्टरच्या तारांच्या कारखान्यात त्यांना नोकरी होती. सकाळी ते कारखान्यात, मी शाळेत, आणि तू त्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दिवसभर एकटी. मी शाळेतून यायची तेव्हा तू खिडकीशी बसलेली असायचीस. मी विचारायची, "काय बघतेस?" तू म्हणायचीस, "बर्फ." एकदा मी म्हटलं, "काल पण तेच बघत होतीस." तू म्हणालीस, "कालचा वेगळा होता." तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं. आता तुझं तेव्हाचं वय बोटांवर मोजते. तू एकतीस वर्षांची होतीस गं.

मग ती आली. समोरच्या पांढऱ्या घरात राहणारी, उंच, केसांची जाड वेणी घालणारी, नवरा नसलेली बाई. तिचा एकुलता एक मुलगा तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होता. तिनं दार वाजवलं, हातात ताजा भाजलेला ॲपल पाय होता, आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, "नेबर." मग तुझ्याकडे बोट केलं, "नेबर." तुझा हा पहिला इंग्रजी शब्द. म्हणजे हॅलो, थँक्यू येत होतं तुला, पण अर्थासकट अंगात मुरलेला पहिला शब्द हाच. पुढचे चार दिवस तू पोळ्या लाटताना तो घोकत होतीस. तिचं नाव तुला उच्चारायला जड जायचं, म्हणून तू मला सांगितलंस, "तिला मावशी म्हण." आणि अमेरिकन बाईला मी जन्मभर मावशी म्हणत राहिले. तिलाही ते इतकं आवडलं की ती मुलाला म्हणायची, "मला आता आणखी एक नाव आहे."

मावशी बॅंजो वाजवायची. ते दिवसच तसे होते. जुनी डोंगरातली, खलाशांची, खाणकामगारांची गाणी शहरातली मुलं शोधून काढून गात होती, आणि गावोगावी चर्चच्या तळघरांत, कॉफीच्या दुकानांत माणसं गोल बसत होती. आपल्या गावातलं ते वर्तुळ मावशीनं चालवलेलं. दर गुरुवारी संध्याकाळी, चर्चच्या तळघरात. तिनं तुला हाताला धरून नेलं. साडीवर बाबांचा जुना ओव्हरकोट, पायात बर्फाचे बूट, आणि कपाळावर कुंकू. मी तुझ्या मांडीला टेकून बसले होते. तिथं एक नियम होता, की कोणी ऐकणारा नाही, सगळे गाणारे. येत नसेल तर धृपद तरी धरायचं. पहिल्या दिवशी तू नुसते ओठ हलवलेस. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी तुझा आवाज बाहेर पडला आणि शेजारी बसलेला दाढीवाला मुलगा गिटार थांबवून तुझ्याकडे बघत राहिला. कोणीतरी ऑटोहार्प आणली होती. तू ती मांडीवर घेतलीस, तारांवरून बोटं फिरवलीस, आणि मला म्हणालीस, "अगं, हे तर स्वरमंडळ."

तुझं इंग्रजी त्या तळघरात झालं. त्यामुळे ते चमत्कारिकच होतं. दुकानात तू भाजीवाल्याला असे शब्द वापरायचीस की तो चक्रावून जायचा. ते शब्द शंभर वर्षांपूर्वीच्या खलाशांचे आणि फाशी जाणाऱ्या पोरांचे असायचे. बाबा कपाळाला हात लावत. पण तू बोलू लागलीस. आणि त्या दर्यावरच्या मुलाच्या गाण्यात, जिथं ‘हार्बर’ होतं तिथं तू ‘नेबर’ ऐकलंस, कारण ‘हार्बर’ तुला माहीतच नव्हता. तुला वाटलं, बरोबरच आहे, पोर बाहेर आहे तर शेजारीण दिवा ठेवील, नाहीतर कोण ठेवणार? दाढीवाला मुलगा चूक सांगायला गेला, तेव्हा मावशीनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. पुढच्या फेरीला तिनंही ‘नेबर’ म्हटलं, मग सगळ्यांनीच.

दोन वर्षांनी तिचा मुलगा लढाईवर गेला. त्याच्या नावानं सक्तीच्या लष्करभरतीचं बोलावणं आलं होतं. मला तो आठवतो तो आपल्या जिन्यातला बर्फ काढताना, कानटोपीशिवाय. तू त्याला ओरडायचीस, तेही मराठीत, "कान झाक, कान!" आणि तो कान झाकायचा. तो गेला आणि गुरुवारची गाणी बदलली. लढाईविरुद्धची गाणी येऊ लागली. शनिवारी गावातल्या हिरवळीवर ही मंडळी मेणबत्त्या घेऊन उभी राहत आणि हळू आवाजात गात. तू जायला निघालीस तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, आपण पाहुणे आहोत या देशात. कारखान्याच्या तारा त्या लढाईवरच जातात, ठाऊक आहे का तुला? उद्या कोणी मला विचारलं तर काय सांगू?" तू कोटाची बटणं लावत म्हणालीस, "सांगा, शेजारणीबरोबर उभी होती." बाबांना खरंच भीती वाटत होती. त्यांच्या साहेबानं तुला हिरवळीवर पाहिलं, आणि एक-दोनदा जेवणाच्या सुट्टीत बाबांना खोचकपणे विचारलंही. बाबा घरी येऊन न जेवताच झोपले. पण तू पुन्हा निघालीस तेव्हा त्यांनी तुला थांबवलं नाही. त्यांनी तुझे हातमोजे शोधून दिले.

मार्चमधली ती दुपार. मी शाळेतून येतेय आणि समोरच्या घरासमोर हिरवट रंगाची गाडी उभी आहे. लष्करी गणवेशातले दोन पुरुष पायऱ्या उतरतायत, टोप्या हातात. तू आपल्या खिडकीत आहेस, हाताला कणीक. मी वर आले, तर तू कणीक तशीच टाकून डबे उघडत होतीस. बाबांनी न्यूयॉर्कहून आणलेलं बेसन तू जपून ठेवलेलं होतंस, ते काढलंस. बाबा संध्याकाळी आले, त्यांना कळलं होतं. म्हणाले, "अगं, पिठलं कशाला? तिला काय कळणार त्यातलं?" तू म्हणालीस, "ज्या घरात चूल पेटत नाही त्या घरात पिठलं-भातच जातो. तिला कळायची काय गरज आहे?"

तिनं दार उघडलं नाही. तू डबा पायरीवर ठेवलास. दुसऱ्या दिवशी डबा धुतलेला, तिथंच. तू परत भरलास. असं कितीतरी दिवस चाललं. एकदा मी कंटाळून म्हटलं, "चल ना परत. तिला आपण नको आहोत." तू माझ्या दंडाला धरून मला वळवलंस आणि इतक्या कडक आवाजात बोललीस की मी दचकले. "दार उघडलं नाही म्हणजे नको, असं नसतं. लक्षात ठेव." मी लक्षात ठेवलं, आई. माझ्या घरात, माझ्या मुलीच्या बंद दाराबाहेर, हे वाक्य मला फार उपयोगी पडलं.

मग एका दुपारी दार उघडलं. आपण दोघी आत गेलो. तिच्या स्वयंपाकघरात टेबलावर तो बॅंजो पालथा पडला होता. मावशी स्वेटर उलटा घालून बसली होती. मग तुला म्हणाली, "गा." तू त्या बॅंजोकडे बोट केलंस. ती म्हणाली, "आमची नको. आमच्या प्रत्येक गाण्यात कोणाचा तरी मुलगा मेलेला असतो. मी वीस वर्षं मजेत गातेय ती. मला न कळणारं काहीतरी गा. ज्यातला एक शब्द मला कळणार नाही असं."

तुला किती गाणी येत होती. अभंग येत होते, आरत्या येत होत्या. तू काय गायलीस तर भोंडल्याचं गाणं. हत्तीभोवती फेर धरून पोरी म्हणतात तसलं, सासूनणंदेच्या थट्टेचं, धावत्या चालीचं. मला धक्काच बसला. तू नंतर मला म्हणालीस, "दुःखाचं गायला गेले असते तर माझाच आवाज फुटला असता. मग तिच्याकडे कोणी बघायचं?" तू हळूच टाळी देत पूर्ण गाणं म्हटलंस. मावशी ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, "काय आहे त्याच्यात?" तुला खोटं बोलता आलं नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तू सांगितलंस की एका मुलीला घरी जायचंय, आईकडे, आणि कोणी पाठवत नाही. आज ना उद्या म्हणतात. मावशी टेबलाकडे बघत म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडेही तेच." आणि मग ती रडली. गाडी आली त्या दिवसापासून पहिल्यांदा, असं तिनंच नंतर सांगितलं. तू तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिलीस आणि मला खुणेनं सांगितलंस, गॅसवर चहा ठेव.

मावशी त्यानंतर गायली नाही. गुरुवारच्या किल्ल्या तिनं तुझ्याकडे दिल्या. तू त्या पदराच्या टोकाला बांधल्यास. वर्तुळ तोवर विरळ होत चाललं होतं. दाढीवाला मुलगा विजेची गिटार घेऊन कॅलिफोर्नियाला गेला. कोणाची लग्नं झाली, कोणी त्या गाण्यांनाच हसू लागलं. रेडिओवर ती वाजेनाशी झाली. पण तू जात राहिलीस. तळघराचं कुलूप काढायचं, हीटर लावायचा, खुर्च्या गोल मांडायच्या. बाबा गाडीनं सोडायचे आणि बाहेर इंजिन चालू ठेवून पेपर वाचत बसायचे. एका फार थंड गुरुवारी तू बाहेर जाऊन त्यांना म्हणालीस, "अहो, आत तरी बसा. गायला नाही सांगत." ते आत आले. त्या दिवशी आपण तिघंच होतो. तू गात होतीस, मी धृपद धरत होते आणि बाबा कोट न काढता मांडीवर त्रिताल देत होते, जो त्या गाण्याला अजिबात बसत नव्हता. रिकामी खुर्ची तू दर वेळी एक जास्तच मांडायचीस. बाबांनी विचारलं, "ही कोणाची?" तू म्हणालीस, "येईल."

ती आली, पण खूप उशिरा. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले होते. नवी पाच-सहा मुलंमुली येऊ लागली होती, मुलांच्या कॅम्पवर काम करणारी. मावशी दाराजवळ येऊन बसली, अंगातला कोट तसाच. तिचा मुलगा गेल्यापासून ते दर्यावरचं गाणं तू तिथं कधी म्हटलं नव्हतंस. त्या दिवशी तिनंच तुला सांगितलं, "तुझं ते म्हण." तुला खरा शब्द एव्हाना कळलेला होता, मीच पुस्तकात दाखवला होता. तू तिला विचारलंस, "बरोबर शब्द म्हणू का?" ती म्हणाली, "नको. बंदराचं मला आता काय करायचंय?" तू गायलीस. ती नुसती बसली होती. त्या कॅम्पवाल्या मुलांनी ते उचललं असणार, त्याच संध्याकाळी, आणि मग ते कुठून कुठं गेलं असेल कोण जाणे.

पुढं मावशी तिच्या बहिणीकडे व्हरमाँटला राहायला गेली. जाताना वर्तुळातली ती ऑटोहार्प तुला देऊन गेली. तुझा एकोणसाठावा वाढदिवस आपण केला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तुला पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. ऐकू सगळं यायचं, कळायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. बाबा तुझ्याशी दिवसभर बोलत बसायचे, जन्मात बोलले नव्हते इतके. मी दर शनिवारी न्यू जर्सीहून यायची, मागच्या सीटवर तुझी नात, दोन वर्षांची. एका शनिवारी आले तर मावशी तुझ्या पलंगाशी बसलेली. म्हातारी झाली होती, वेणी पांढरी. बसनं एकटी आली होती. तिनं तुझा डावा हात हातात घेतला आणि गायला लागली. पंचवीस वर्षं जी बाई गायली नव्हती ती गात होती. आणि इंग्रजी नव्हतं ते. मला कळायलाच वेळ लागला. तिनं त्या एका दुपारी ऐकलेलं भोंडल्याचं गाणं होतं. चाल अगदी खरी, शब्द सगळे मोडलेले, अर्थ नसलेले, कुठं ‘सासू’चा ‘ससा’ झालेला. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाची डावी बाजू हसत होती. बाबा खोलीबाहेर निघून गेले. मी त्यांच्या मागे गेले तर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, "तिला सांग, पुन्हा म्हण." तिनं पुन्हा म्हटलं. कितीदा तरी म्हटलं.

तू जानेवारीत गेलीस. मावशी पुढच्या वर्षी. बाबांनी चर्चच्या किल्ल्या नेऊन दिल्या, तेव्हा नवा पाद्री म्हणाला, या कसल्या? तिथं आता मुलांचं पाळणाघर आहे.

रविवारी परत येताना गाडीत तुझी नात मला विचारत होती, "आजी कसं गायची? लाइक, हाय व्हॉइस? हस्की?" मी म्हटलं, "घरी गेल्यावर सांगते." आता तीन दिवस झाले. म्हणून हे लिहायला बसले. वाटलं, मराठीत, सावकाश, एकेक गुरुवार आठवत गेले तर सापडेल. आई, मी तुझ्यापेक्षा म्हातारी झालेय. तुझ्या साडीचा रंग आठवतो, तू श्वास कुठं घ्यायचीस ते आठवतं, प्रत्येक गाण्याचा प्रत्येक शब्द आठवतो. त्या शेवटच्या वर्षाची तुझी शांतता तर आत्ता कानात आहे. पण तुझा आवाज आठवत नाही. गाताना कसा होता, मला हाक मारताना कसा होता, काही म्हणता काही नाही. आपण कधी रेकॉर्ड केला नाही. इतकी पानं झाली, आणि तरीही तो ऐकू आलेला नाही.